मेघावतीचा पंचनामा

समुद्रपूरची जागृती थूल दुपारी दोन ते चार शिवणक्लास चालवायची आणि त्याच वेळात, त्याच खुर्चीवर बसून, एक देशही चालवायची. दोन्ही कामं एकाच आवाजात. त्यामुळे "हे सगळं उसवा आणि पुन्हा करा" हे ब्लाउजच्या बाहीला उद्देशून आहे की अर्थखात्याला, हे क्लासमधल्या बायकांना पुष्कळदा कळायचं नाही.

देशाचं नाव मेघावती. नकाशात शोधायला जाऊ नका. पुण्याच्या चार-पाच इंजिनियर पोरांनी तो इंटरनेटवर वसवला आहे. त्याला झेंडा आहे, न्यायालय आहे, दोन वर्तमानपत्रं आहेत आणि ती एकमेकांच्या नावानं बोटं मोडतात. म्हणजे देश म्हणून काही कमी नाही. नागरिक सव्वाचारशे. निवडून दिलेले खासदार वगैरे भानगड नाही. संसदेच्या वेळी जो हजर असेल, तो संसद. नव्या नागरिकाला मेघावतीच्या नकाशावर एक एकर जमीन मिळते, नावाचा सातबारा मिळतो, आणि रोज येऊन पाणी घातलं तर तिथं लावलेली झाडंही वाढतात.

जागृती तिथं शिरली ती चुकून. कटिंगचे फोटो टाकायच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी लिंक टाकली होती, ‘नागरिक व्हा, एक एकर जमीन मिळवा.’ तिला वाटलं, सरकारी योजना आहे. अर्ज बाद होऊ नये म्हणून तिनं आधार कार्ड पुढ्यात ठेवून नाव, आडनाव, जन्मतारीख सगळं अक्षरन् अक्षर खरं भरलं. आणि एवढी चांगली योजना एकटीनं लाटणं बरं नव्हे म्हणून क्लासमधल्या बारा जणींचेही अर्ज, त्यांची आधार कार्डं मागवून, भरून टाकले. जमीन मोबाइलातच आहे हे कळल्यावर सगळ्या पोट धरधरून हसल्या. पण हसून झाल्यावर एकीनंही आपलं नाव काढून घेतलं नाही.

जिजाबाई मून हिनं तर सातबारा झेरॉक्सच्या दुकानातून छापून घेतला आणि लॅमिनेट करून घरच्या भिंतीवर लावला. त्रेसष्ट वर्षांची जिजाबाई क्लासमध्ये सगळ्यांत थोरली. जन्मभर लोकांच्या वावरात कापूस वेचला होता. आता डोळे आहेत तोवर काज-बटन शिकून घ्यावं म्हणून यायची. आपल्या एकरात तिनं चिंच लावली. रोज क्लासला आली की आधी मोबाइल काढून चिंचेला पाणी, मग सुईत दोरा.

राजकारणात जागृती पडली ती चिडून. तेव्हा संसद रात्री अकराला भरायची. एकदा जागी होती म्हणून डोकावली, तर कोणी एक महासेनापती झेंड्याचा निळा रंग किती निळा असावा यावर चाळीस मिनिटं बोलून राहिला होता. हिनं खाली लिहिलं, ‘कापड तेवढंच राहणार आहे, लवकर कापा.’ या एका वाक्यानं ती मेघावतीत गाजली. वर्षभरात पंतप्रधान झाली.

आणि मग तिनं कात्रीच चालवली. भाषणाला तीन मिनिटं. एकतीस मंत्री होते, त्यांचे नऊ केले. सरदार, उमराव, महासेनापती या सगळ्या पदव्या एका दुपारीत रद्द. वर्तमानपत्रांनी तिचं नाव ‘कात्रीबाई’ ठेवलं. ‘मेघवार्ता’ तर रोज हुकूमशहा म्हणायचं. ते अग्रलेख जागृती क्लासमध्ये मोठ्यानं वाचून दाखवायची आणि शिकायला येणाऱ्या वच्छलाबाईला चहा ठेवायला सांगायची.

खरा बोभाटा झाला तो संसदेच्या वेळेवरून. रात्र झोपायसाठी असते असं म्हणून तिनं संसद दुपारी दोनला आणली. दुपारी दोनला पुण्याचे इंजिनियर ऑफिसात मान खाली घालून बसलेले, परदेशातले अंथरुणात, आणि समुद्रपूरच्या बारा बाया जागृतीच्या घरच्या वायफायखाली ताज्यातवान्या. म्हणेल तो ठराव मंजूर होऊ लागला. हे काही बरोबर नव्हतं. जागृतीला मात्र तेव्हा ते फार बरोबर वाटत होतं.

असाच एका मंगळवारी राजमार्गाचा ठराव आला. राजधानीपासून बंदरापर्यंत सरळ रस्ता, वाटेत अकरा जणांच्या जमिनीतून. जागृतीनं त्या वर्षासाठी दिलेलं वचन होतं ते.

"हिरवं दाबा व सगळ्या जनी!" मशीन न थांबवता ती म्हणाली.

"जागृती," जिजाबाईनं विचारलं, "माह्यी चिंच जाईन का व त्यात?"

"मोबाइलातली तं चिंच हाये जिजाबाई. दुसरी लावू."

जिजाबाईनं हिरवं दाबलं. दहा मिनिटांत रस्ता मंजूर झाला आणि जागृती बाहीच्या चुण्यांकडे वळली.

त्यानंतर महिन्याभरात साकेतनं बॉम्ब टाकला. साकेत म्हणजे तोच पदवी गेलेला महासेनापती. मूळचा वर्ध्याचा, आता पुण्यात कॉम्प्युटरवर काम करणारा, आणि विरोधी पक्षाचा नेता. त्यानं न्यायालयात अर्ज दिला, की पंतप्रधानांच्या मागच्या बारा नागरिक खऱ्या नाहीतच. ही एकच बाई बारा नावांनी वावरते. पुरावा बिनतोड दिसत होता. बाराही जणी एकाच वायफायवरून येतात. दोनला येतात, चारला जातात. बारापैकी सात जणींचं आडनाव मून. सहा जणींची जन्मतारीख एक जुलै. आणि आजवर एकदाही कोणी वेगळं मत दिलेलं नाही. आरोप सिद्ध झाला तर तेराही नावं नागरिकांच्या वहीतून जाणार, जमिनी सरकारजमा होणार. सोबत अविश्वासाचा ठरावही होताच; तो मंजूर झाला तर खुर्ची साकेतची.

जागृतीनं अर्ज वाचून दाखवला तेव्हा क्लासमधली बाराही मशिनं थांबली.

"म्हनजे आमी नाईच का?" वच्छलाबाई म्हणाली. "मंग सकाऊन पासून भाकरी कोन थापून राह्यलं?"

गुंजन, क्लासमधली सगळ्यांत तरणी, हसून हसून कापडावर आडवी झाली. जिजाबाई तेवढी हसली नाही. तिनं मोबाइल काढला, आपला एकर पाहिला आणि विचारलं, "सातबारा बी जाईन?"

जागृतीनं अर्ज पुन्हा वरपासून वाचला. या बायकांना तिनंच नेलं होतं तिथं. खुर्चीचंही वाटत होतं, खोटं कशाला बोला. दोन वर्षं ती खुर्ची तिला फार आवडली होती. घरात तिला कोणी पंतप्रधान म्हणत नव्हतं. पण या बारा जणींना कोणी ‘नाहीच’ म्हणावं, हे तिला सहन होईना.

मेघावतीचे सरन्यायाधीश नरहर गुरुजी. वर्ध्याला राहणारे निवृत्त मुख्याध्यापक, वय शहात्तर. मुलगी परदेशी, म्हणून वेळ जावा यासाठी न्याय करत. त्यांनी हुकूम काढला: ‘मी मंगळवारी दुपारी दोन वाजता समक्ष समुद्रपूर येथे येऊन पंचनामा करीन. अविश्वासाचं मतदान त्याच दिवशी होईल. या बारा जणी माझ्यासमोर, एकेक जण खोलीत एकटी, मत देतील: पंतप्रधान हव्यात तर हिरवं, नको तर लाल. देह बारा आहेत का आणि मतं बारा आहेत का, दोन्ही पाहीन. आरोपी पंतप्रधान बाहेर ओट्यावर बसतील.’

जागृतीचा नवरा हेमराज एसटीत कंडक्टर. त्यानं सगळं ऐकलं आणि बॅगेतलं तिकिटाचं मशीन चार्जिंगला लावत म्हणाला, "साऱ्याईनं हिरवं दाबलं तं तो म्हनन, पाहा, एकच बाई हाये. कोनाले तरी सांग ना, लाल दाब म्हनून."

जागृतीला पटलं. दुसऱ्या दिवशी तिनं वच्छलाबाईला बाजूला घेतलं. "फक्त तुमी एकल्यानं लाल दाबा. दाखवाले."

"मी नाई दाबत," वच्छलाबाई फणकारली. "तुह्या घरचा रोज चहा पेतो मी. दुसरी पाह्य."

दुसरीला विचारायच्या आधी जागृतीला थोडं कसंसंच झालं. लाल दाबायचं तेही आपणच सांगायचं, तर साकेत म्हणतो त्यात चूक काय? तिनं विचार सोडून दिला आणि घरचं वायफाय नीट चालतंय का ते पाहून घेतलं.

मंगळवारी हेमराजच्याच गाडीनं गुरुजी आले. पंच्याहत्तरीवरचे म्हणून फुकट प्रवास. हातात छत्री, खांद्याला झोळी, झोळीत मेघावतीचा शिक्का. हेमराजनं स्टँडवर सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "सरका बाप्पा, सरन्यायाधीश उतरून राह्यले!" दोन-तीन जणांनी खरंच नमस्कार केला.

गुरुजींनी क्लासमध्ये आल्याबरोबर हजेरी घेतली. नाव घ्यायचे, चष्म्यातून आधार कार्डाकडे बघायचे, मग बाईकडे. बारा देह भरले. मग ते जन्मतारखांवर आले.

"एक जुलै," ते वाचू लागले. "एक जुलै. एक जुलै. हे काय?"

"गुरुजी," वच्छलाबाई पदर सावरत म्हणाली, "मले पयलीत तुमीच घातलं व्हतं. जामच्या शाळेत. माय म्हने, पोरगी कापसाच्या टायमाले झाली. तुमी म्हनले, ठीक हाये, एक जुलै."

गुरुजींनी चष्मा काढला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं ते गेलंच नाही.

"अशा शेकडो पोरी मी एका दिवशी जन्माला घातल्या," ते म्हणाले. "हा पुरावा नव्हे, हा माझाच गुन्हा आहे." पंचनाम्यात त्यांनी तेही लिहिलं. आणि खाली आणखी एक ओळ: ‘मेघावतीच्या वहीत वादळवीर आहेत, सम्राट आहेत, एक स्वतःला काळा चित्ता म्हणवतो. स्वतःचं खरं नाव आणि सरकारदरबारची तारीख लिहिणाऱ्या याच तेरा. आणि बनावट म्हणून तक्रार यांचीच!’

देहांचं झालं. मतांचं राहिलं.

दीड वाजेपर्यंत बाकी देशाचं मतदान उरकलं होतं. साकेतनं ऑफिसातून सुट्टी काढून माणसं गोळा केली होती, तरी पंतप्रधानांच्या बाजूनं दोनशे दोन आणि विरोधात दोनशे एक. एका मतानं जागृती पुढं, आणि आपल्या बारा जणी अजून बाकी. ओट्यावर बसून तिनं मनातल्या मनात बेरीज केली आणि ड्युटी संपलेल्या हेमराजला स्टँडवरून पंधरा आलुबोंडे आणायला पिटाळलं. बनावटपणाचं गुरुजी पाहून घेतील. मतदान तर खिशात होतं.

एकेक बाई आत जाऊ लागली. दार लागायचं, गुरुजी खिडकीपाशी पाठ करून उभे राहायचे, बाई मोबाइलवर दाबून बाहेर यायची. बाहेर आलेली प्रत्येक जण जागृतीकडे पाहून हसायची. जिजाबाईला सगळ्यांत जास्त वेळ लागला. ती बाहेर आली आणि जागृतीच्या शेजारी न बसता पायरीवर जाऊन बसली.

साडेतीनला गुरुजी कागद घेऊन ओट्यावर आले. आलुबोंड्यांचा कागद तेल सुटून ओला झाला होता.

"पंतप्रधानांच्या बाजूनं पाच," ते म्हणाले. "विरोधात सात. एकूण दोनशे सात विरुद्ध दोनशे आठ. ठराव मंजूर. थूलबाई, आपण आता पंतप्रधान नाही."

जागृतीला पहिल्यांदा वाटलं, गुरुजींनी आकडे उलटे वाचले. मग तिनं बायकांकडे पाहिलं. बाराही जणी जमिनीकडे पाहत होत्या.

"कोन होय?" ती म्हणाली. आवाज चढला होता आणि डोळ्यांत पाणी आलं होतं, दोन्ही एकदमच.

"ते विचारायचं नसतं," गुरुजी म्हणाले.

"एक मी होय," पायरीवरून जिजाबाई म्हणाली.

तेवढ्यानं बांध फुटला. गुंजन म्हणाली, "दुसरी मी. माह्या भाषनाले तुमी तिसऱ्या मिनिटाले कापलं ताई. मी बसस्टँडच्या संडासावर बोलून राह्यलो व्हतो, मेघावतीच्या." तिसरी म्हणाली, तीन महिने झाले, माझं ब्लाउज अर्धंच आहे, संसद आली की शिकवणं बंद. चौथीचंही तेच, फक्त परकर. वच्छलाबाई मधेच उठून उभी राहिली. "मी तं हिरवं दाबलं! मले कोनी काई म्हनू नोका!" गुरुजी तोंडाला रुमाल लावून हसत होते, आणि जागृतीलाही रडता रडता हसू फुटलं, कारण परकराचं खरंच होतं.

हसणं ओसरलं तसं ती जिजाबाईच्या शेजारी जाऊन पायरीवर बसली. "चिंचेसाठी ना?"

"चिंच गेली त्याचं नाई," जिजाबाई म्हणाली. "जल्मभर लोकाच्या वावरात राबलो. कोठं निंदाचं, कोठं वेचाचं, मले कोनी इचारलं नाई. त्याचं काई वाटे नाई, वावर त्याईचं व्हतं. हे माह्यं व्हतं ना व? मोबाइलातलं का होईना. तू मशीन बी थांबवली नाई."

जागृतीला लाज वाटली, चारचौघींत मान वर होऊ नये अशी. तिला तो मंगळवार आठवला, आपलं वाक्य आठवलं, आणि पायाखाली चालत राहिलेलं पायडलही.

"आलुबोंडा घ्या," अखेर तिला एवढंच सुचलं.

"देजो ना," जिजाबाई म्हणाली. "भांडन मतात हाये, आलुबोंड्यात काऊन राहीन?"

गुरुजींनी तिथंच बसून निकाल लिहिला, ‘देह बारा, मतं बारा, नागरिक खरे,’ आणि झोळीतला शिक्का काढून मारला. मग फोनवर साकेतला कळवलं. साकेत आनंदानं ओरडला ते स्पीकर नसतानाही सगळ्यांना ऐकू आलं. गुरुजींनी त्याला ओरडू दिलं आणि मग मास्तरकीच्या थंड आवाजात विचारलं, "महासेनापती, या बारा जणी बनावट ठरल्या असत्या, तर ही मतं मोजलीच गेली नसती. एका मतानं ठराव पडला असता. आपण यांच्या मतांवर निवडून आलात. आभार मानायचे आहेत का?"

गुरुजींनी आता स्पीकर लावला. मग साकेतनं एकेकीचं नाव घेऊन बाराही जणींचे आभार मानले. सातव्या मूनपर्यंत त्याचा आवाज पार खाली आला होता.

पंतप्रधान झाल्यावर साकेतनं संसद संध्याकाळी सातला आणली. सूचना गुंजनची होती आणि ती तिनं तीन मिनिटांच्या आत मांडली. जागृती त्या आठवड्यात तिच्या मानानं गप्पच होती. तिनं क्लासमधली अर्धी राहिलेली ब्लाउजं आणि परकर मार्गी लावले, आणि शुक्रवारी दुपारी, क्लास भरायच्या आधी, साधी नागरिक म्हणून मेघावतीच्या भूमी खात्याकडे एक अर्ज केला.

क्लास सुरू झाला आणि जिजाबाईचा मोबाइल किणकिणला. "पाह्य व काय म्हनते," तिनं तो गुंजनकडे दिला.

गुंजननं वाचलं. "नागरिक जागृती थूल आपल्या एकरातली अर्धी जमीन, त्यावरच्या झाडांसकट, जिजाबाई मून यांना देऊ इच्छितात. घेणाऱ्याची मंजुरी आवश्यक. मंजूर? नामंजूर?"

सगळ्या मशिनांचा आवाज थांबला. आज पहिली जागृतीची थांबली होती.

"त्यात चिंच हाये," जागृती म्हणाली. "मी पयल्या वर्षीच लावली व्हती, तुमचं पाहून. मोठी झाली आता."

जिजाबाईनं मोबाइल हातात घेतला. स्क्रीनवर एक हिरवं बटन होतं आणि एक लाल. तिनं दोन्हींकडे पाहिलं, मग पदरानं स्क्रीन पुसून पुन्हा पाहिलं. जागृतीच्या ओठांवर ‘हिरवं दाबा’ आलं होतं. तिनं ते गिळलं.

"इचार करून सांगतो," जिजाबाई म्हणाली आणि मोबाइल पिशवीत ठेवला.

"कदी सांगसान?"

"सांगीन ना व. घाई काऊन करून राह्यली?"

तिनं सुईत दोरा ओवला आणि राहिलेलं काज करायला घेतलं. जागृती वाट पाहत बसली.